तीस पानांची पंगत: मांडणी, वाढप आणि दुसरा फेरा

केटररच्या बुफेला माणसं रांगेत उभी राहतात आणि यजमान मोकळा असतो. पंगतीत माणसं बसलेली असतात आणि यजमानाची धावपळ होते. घरची मुंज, सत्यनारायण, मंगळागौर, डोहाळजेवण, साठीशांत अशा कार्यांना अजून पंगत बसते. ती फसली तर दोष बहुधा स्वयंपाकाचा नसतो, वाढपाचा असतो. पुरी गार झाली, मसालेभात यायच्या आत लोक ताकावर पोचले, शेवटच्या चार पानांना कोशिंबीरच मिळाली नाही, अशा तक्रारींचं मूळ स्वयंपाकघराबाहेर सापडतं.

पुढचा हिशेब पुण्या-मुंबईकडच्या आणि कोकणच्या शाकाहारी सणाच्या जेवणाचा आहे. बेत असा: गोडं वरण-भात, बटाट्याची पिवळी भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, लोणचं, पापड, भजी, पुरी-श्रीखंड, मसालेभात, मठ्ठा आणि शेवटी ताकभात. नैवेद्य दाखवायचा असेल तर कांदा-लसूण कशातच नको. खानदेशात, विदर्भात किंवा कोल्हापूरकडे पदार्थ बदलतील, पुरणपोळी असेल तर तूप दुप्पट लागेल, पण वाढपाचं गणित फारसं बदलत नाही.

किती लागतं

तीस माणसांना साध्या भाताचे तांदूळ दीड किलो. त्यात पहिली मूद, थोडा दुसरा भात आणि शेवटचा ताकभात बसतो. मसालेभाताला आणखी सव्वा किलो. वरणाला तुरीची डाळ सहाशे ग्रॅम. बटाटे तीन किलो, फदफदं तयार मापाने अडीच ते तीन लिटर. काकडी दीड किलो, तिला दाण्याचं कूट दीडशे ग्रॅम. नारळ तीन: दोन चटणीला, एक मसालेभातावर पेरायला. पुऱ्यांना अडीच किलो कणीक, म्हणजे साधारण दीडशे पुऱ्या, माणशी पाच. श्रीखंड चार किलो. मठ्ठ्याला दोन किलो दही आणि चार लिटर पाणी. पाणी एकदम ओतू नये, दही किती घट्ट आहे ते बघत घालावं. तूप अर्धा किलो. पापड चाळीस, कारण पाच-सहा हमखास मोडतात. लिंबं पाच, प्रत्येकाच्या सहा ते आठ फोडी, बिया आधीच काढलेल्या.

लहान मुलं सात-आठ असतील तर पुऱ्या आणि श्रीखंड तेवढंच ठेवावं, भात आणि फदफदं कमी करावं. पानावर मुलं भाताकडे बघत नाहीत, पुरी मात्र मोजून खातात.

पानं

केळीची पानं तिसाला पस्तीस आणावीत. बाजारात येणारी पानं रुंद असतात. बसायच्या जागेला साधारण दीड फूट लांबीचा तुकडा पुरतो. शेंड्याकडचं पान, म्हणजे अग्रपान, ज्येष्ठांना आणि ज्यांच्यासाठी कार्य आहे त्यांना द्यायची रीत आहे. आडव्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं आणि रुंद बाजू उजवीकडे. भाज्या, आमटी, पुरी या भरपूर वाढायच्या गोष्टी उजवीकडे येतात, त्यामुळे ही दिशा सोयीचीही पडते.

पान फाटतं ते शिरांच्या रेघेवरून. कडेला एक चीर पडली की ताक तिथून सतरंजीवर जातं. म्हणून पानं आणल्यावर गुंडाळी करून ओल्या पंचात ठेवावीत, उन्हात किंवा पंख्याखाली नाही. मागचा दांडा जाड असेल तर पान डुगडुगतं. सुरीने तो मागून छिलून सपाट करावा, पान कापलं जाणार नाही इतपतच. फारच ताठ असेल तर पान मंद आचेवरून दोन्ही बाजूंनी क्षणभर फिरवावं, रंग गडद होतो आणि पान मऊ पडतं. मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. धुऊन थेंब तसेच राहिले तर मीठ विरघळतं आणि पापड सादळतो.

पळसाच्या पत्रावळी वापरत असाल तर पातळ पदार्थाला द्रोण हवेच. पत्रावळीच्या काड्यांच्या टाक्यांतून आमटी झिरपते. द्रोण कलंडू नये म्हणून त्याच्या कडेला थोडा भात टेकवतात, तो उपाय आजही चालतो.

बैठक

माणशी दोन फूट रुंदी धरावी. समोरासमोर दोन ओळी असतील तर दोन्हीकडच्या पानांमध्ये किमान चार फूट मोकळी वाट हवी. वाढपी त्या वाटेने, जेवणाऱ्याच्या समोरून जातो. वाट तीन फुटांवर आली की दोन वाढप्यांचे कोपर एकमेकांना लागतात आणि फदफदं कुणाच्या तरी शालूवर जातं. पाट नसतील तर लांब सतरंज्या चालतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्ची वेगळी न लावता त्याच ओळीच्या टोकाला लावावी, म्हणजे ती माणसं पंगतीबाहेर पडत नाहीत. टेबलावर पान ठेवणार असाल तर पानाभोवती पाणी फिरवणाऱ्यांना एक छोटं ताम्हन द्या, नाहीतर पाणी थेट मांडीवर येतं.

पाण्याचा तांब्या-भांडं किंवा पेला बहुतेक घरांत डाव्या हाताला ठेवतात, कारण उजवा उष्टा असतो. पेले बसायच्या आधी भरलेले असावेत. रांगोळी काढायची असेल तर पानाच्या कडेला अगदी लागून काढावी. वाढप्याच्या वाटेत काढलेली रांगोळी दहा मिनिटांत पायाला लागून पंगतभर पसरते.

पानात काय कुठे

वर मधोमध मीठ, अर्धा चहाचा चमचा, जास्त नाही. मिठाच्या डावीकडे क्रमाने लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. त्यांच्या खाली, डाव्या हाताच्या कडेला, पापड आणि भजी. मिठाच्या उजवीकडे बटाट्याची भाजी, तिच्या पलीकडे फदफदं, शक्यतो वाटीत किंवा द्रोणात. श्रीखंडाची वाटीही उजवीकडेच. मध्ये खाली, जेवणाऱ्याच्या अगदी समोर, भाताची मूद. पुरी मुदीच्या उजव्या अंगाला.

डावीकडे चव बदलायच्या गोष्टी थोड्या थोड्या, उजवीकडे पोट भरायच्या गोष्टी, हा यातला तर्क. लोणच्याचं तेल श्रीखंडाला लागत नाही, कोशिंबिरीचं पाणी पुरीखाली जात नाही. चटणी चमचाभर, लोणच्याची एकच फोड. डावी बाजू भरभरून वाढणारा वाढपी उत्साही असतो, पण पान उठतं तेव्हा चटणी तशीच पडलेली दिसते. डावखुऱ्या माणसासाठी मांडणी उलटी करायची पद्धत नाही. घरच्या माणसाने मात्र हळूच पेला दुसऱ्या बाजूला सरकवून द्यायला हरकत नाही.

मूद हा खरा हातखंड्याचा भाग. त्यासाठीचा भात मऊसर हवा. आंबेमोहोर उत्तम, इंद्रायणीही चालतो. एका तांदळाला अडीच पाणी. मोकळा बासमती घेतला तर मूद पानावर उलटताच ढासळते. वाटी पाण्यातून काढायची, झटकायची, भात भरून वरून हलका दाब द्यायचा. जोरात दाबला तर आत गच्च गोळा होतो आणि वरण मुरत नाही. पानावर उलटी करून वाटीच्या बुडाला एक टिचकी, आणि वाटी सरळ वर उचलायची, फिरवत नाही. मुदीच्या माथ्यावर घट्ट गोडं वरण एक पळी, वर तूप. वरण पातळ असेल तर ते ओघळून भाजीत जातं. त्यामुळे वरण चमच्यावरून संथ पडेल इतकं दाट ठेवावं आणि फोडणी देऊ नये. पुढच्या फेऱ्यात पातळ काही भातावर घ्यायचं असेल तर जेवणारा भाताला बोटांनी आळं करतो. वाढप्याने त्याचं आळं होईपर्यंत थांबावं, घाईने वरून ओतू नये.

वाढपी आणि त्यांची भांडी

तीस पानांना पाच वाढपी. चारही चालतात, पण मग एकाला स्वयंपाकघरातून भरून आणून देण्याचं काम निव्वळ करावं लागतं. प्रत्येकाला आधीच पदार्थ वाटून द्यावेत: एकाकडे मीठ आणि सगळी डावी बाजू, एकाकडे भाजी, एकाकडे फदफदं आणि पुढे मठ्ठा, एकाकडे भात-वरण, एकाकडे तूप, पुऱ्या आणि श्रीखंड. ‘ज्याच्या हाताला जे लागेल ते’ अशी व्यवस्था केली की बटाट्याची भाजी तीनदा येते आणि चटणी एकदाही नाही.

पातळाला ओगराळं, भाजीला डाव, भाताला पसरट उलथनं किंवा मुदीची वाटी, तुपाला तोटीचं भांडं. तूप चमच्याने वाढायला घेतलं की थेंब पंगतभर सांडतात आणि पायाखाली घसरतं. पुऱ्या परातीत, वर फडकं, वाढायला चिमटा. पातळ वाढताना ओगराळं पानाच्या चार बोटं वर आणून तिरपं करायचं. उंचावरून सोडलं तर शितोडे उडतात. पानाला टेकवलं तर मात्र ते भांडं उष्टं झालं, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. ज्येष्ठ मंडळी काही न बोलता पुढची भाजी नाकारतात, आणि यजमानाला कारण कळत नाही.

क्रम आणि वेळ

माणसं बसायच्या आधी पानावर फक्त न गार होणाऱ्या गोष्टी. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. कोशिंबिरीत मीठ आणि दही वाढपाच्या पाच मिनिटं आधीच घालायचं. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि पानात ओहोळ निघतो. माणसं बसली की कोशिंबीर, भाजी, फदफदं, भजी. नंतर मूद, वरण, तूप. पापड सगळ्यात शेवटी. मूद पडल्यापासून पहिल्या घासापर्यंत चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये, एवढं एक घड्याळ लावून सांभाळलं तरी पंगत निम्मी जिंकली. भाषणं, आहेर, फोटो हे सगळं मूद पडायच्या आधी.

देवाला नैवेद्य दाखवून झाला, सगळ्यांच्या पानावर तूप पडलं, की यजमान ओळीवरून एकदा नजर फिरवतो: कुणाचं काही राहिलं का? ही नजर वगळू नका. मग ‘वदनी कवळ’ म्हटलं जातं, शेवटी हर हर महादेवाचा पुकारा होतो. ज्यांच्यात पद्धत आहे ते पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती, म्हणजे भाताचे लहान घास पानाबाहेर, घालतात. यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, तेव्हा पहिला घास. त्याआधी मुलांनी भजी उचलली तर कुणी काही बोलत नाही, मोठ्यांनी उचलली तर बघतात.

आता गरम पुऱ्या. कढई वरण-भात वाढायला घेतानाच तापत ठेवायची. तळायला सुरुवात श्लोक चालू असताना. पहिल्या फेऱ्यात माणशी दोन, पुढे एकेक. श्रीखंड दोन फेऱ्यांत: पहिल्यांदा मोठा डाव, दुसऱ्यांदा विचारून. पुऱ्यांचा दुसरा फेरा चालू असतानाच भाजीचा दुसरा फेरा व्हायला हवा, कारण कोरडी पुरी हातात धरून बसलेला पाहुणा हाक मारत नाही, तो फक्त इकडेतिकडे बघतो. डावीकडची चटणी-कोशिंबीरही याच वेळी एकदा फिरवावी. वाढप्यांना हाच फेरा सर्वांत जास्त चुकतो: पहिल्या वाढपानंतर त्यांना काम संपल्यासारखं वाटतं आणि ते दाराशी गप्पा मारत उभे राहतात.

मसालेभात पुऱ्या थांबल्यावर, पूर्ण थांबायची वाट न पाहता. वर ओलं खोबरं-कोथिंबीर, तूप. तांदूळ मोकळा हवा, पण भात आधी शिजवून झाकून ठेवला तर कोरडा पडतो. वाढायच्या दहा मिनिटं आधी पाण्याचा हबका मारून मंद आचेवर तवा खाली ठेवून पुन्हा वाफ आणावी. मसालेभाताबरोबर मठ्ठा. मठ्ठ्यात आलं, मिरची, कोथिंबीर, हिंग, साखर, मीठ. आलं-मिरची वाटून गाळून घ्यावी, नाहीतर लहान मुलांच्या घशात ठसका लागतो. शेवटी साधा भात आणि ताक. ताकभात झाल्यावर पुन्हा श्रीखंड घेऊन येणाऱ्याला लोक हसतात, पण घेतात.

पंक्तिप्रपंच आणि आग्रह

एकाच ओळीत एकाला जास्त, एकाला कमी, जवळच्याला भज्यांतली चांगली, लांबच्याला मोडकी, असं करणं म्हणजे पंक्तिप्रपंच. पंगतीतला हा सर्वांत वाईट दोष समजतात, आणि तो बऱ्याचदा हेतू नसताना घडतो. वाढपी नेहमी एकाच टोकाकडून सुरू करतो, बादली दुसऱ्या टोकाला रिकामी होते, मग तो भरायला जातो आणि परत पुन्हा पहिल्या टोकाकडून येतो. शेवटच्या चार माणसांना दोन फेरे चुकतात. उपाय सोपा: जिथे थांबलात तिथून सुरू करा, आणि दुसरा फेरा उलट्या टोकाकडून काढा. व्याही किंवा गुरुजींचा मान पहिल्या वाढपात ठेवला की पुरे, प्रत्येक फेऱ्यात ठेवायची गरज नाही.

आग्रह करायचा तो श्रीखंडाचा आणि पुरीचा, भाताचा नाही. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा हसून विचारावं, तिसऱ्यांदा नको. पाहुण्याने पानावर तळहात आडवा धरला की डाव मागे घ्यायचा. त्याच्या बोटांमधून श्रीखंड घालण्यात मजा वाटण्याचे दिवस गेले. मधुमेही माणसाला सगळ्यांसमोर ‘एवढ्याने काय होतं’ म्हणू नये. वाढताना थोडं, पुन्हा येऊन थोडं, हे वाया जाण्यावरचं खरं औषध. एकदम चार डाव घातले की पानात टाकावं लागतं आणि पाहुण्यालाच अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठत नाही. एखादं सावकाश जेवणारं माणूस असतंच. त्यांच्या शेजारच्याला पुन्हा ताक विचारत राहावं, म्हणजे त्यांना एकटं पडल्यासारखं वाटत नाही. उठल्यावर हात धुवायला पाणी आणि पंचा एका जागी, आणि विडा देवघराच्या दिशेच्या दाराशी. हात धुवायच्या जागेपाशी विडे ठेवले की ते ओले होतात. दक्षिणा द्यायची असेल ती विड्याबरोबर.

शेवटची पंगत

एका वेळी सगळे मावत नाहीत तेव्हा दुसरी पंगत बसते, आणि त्या पंगतीत बहुधा घरातल्या बायका आणि वाढणारे असतात. त्यांच्या वाट्याला गार पुऱ्या, तळाचा मसालेभात आणि खरवडलेलं श्रीखंड येणं, हे इतकं नेहमीचं झालंय की कुणाला त्यात काही खटकत नाही. ते टाळायचं तर पहिल्या पंगतीच्या आधीच त्यांचा वाटा वेगळ्या भांड्यांत काढून, झाकून, वर उलटी थाळी ठेवून बाजूला करा: श्रीखंड दीड किलो, भाजीचं एक पातेलं, पापड, भजीचं न तळलेलं पीठ. वरचं प्रमाण तीस पानांचं आहे. वाढणारे सात-आठ जण त्या तिसाच्या बाहेरचे असतील तर सगळंच पाव पटीने वाढवून घ्या. कणीक राखून ठेवा आणि त्यांच्यासाठी कढईजवळ पहिल्या पंगतीतला कुणीतरी उभा राहील हे सकाळीच ठरवा. आयत्या वेळी विचारलं तर सगळे विडा खाऊन आडवे झालेले असतात.

उष्टी काढताना पानं एकावर एक दुमडून टोपलीत गोळा करावीत, पण आधी लिंबाच्या फोडी आणि प्लॅस्टिकच्या वाट्या बाजूला काढून. केळीची पानं गायीला चालतात किंवा खतात जातात, प्लॅस्टिक दोन्हीकडे नको. जमिनीवर सांडलेलं ताक आणि श्रीखंड गार पाण्याने पुसलं तर तुपाचा थर उरतो. थोडं कोमट पाणी आणि राख किंवा भांड्यांचा साबण घेऊन एकदा, मग स्वच्छ पाण्याने दुसऱ्यांदा पुसावं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पंगतीची पानं मांडू नयेत, ती ओल्या फरशीवर सरकतात.